रक्तवाहिनी किती अरुंद आणि रक्त किती पोहोचते

तक्रार तशी साधी होती. दोन मजले भराभर चढून गेले की छातीच्या मधोमध दडपण यायचे, ते डाव्या जबड्याकडे ओढल्यासारखे वाटायचे आणि थांबले की काही मिनिटांत ओसरायचे. वय ५८, रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, मधुमेह नाही, धूम्रपान नाही, पण वडिलांना ऐन पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आलेला. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी निर्दोष आला, टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे आकुंचन व्यवस्थित दिसले, आणि तरीही हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मला ‘काही नाही, घरी जा’ असे सांगितले नाही. या दोन्ही तपासण्या हृदय निवांत असताना झाल्या आहेत आणि तुमची तक्रार मात्र श्रमाच्या वेळची आहे, एवढेच ते म्हणाले.

यामागचे शरीरशास्त्र मी नंतर समजून घेतले आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ मला त्यामुळेच लागत गेला. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर व्यासाच्या असतात. त्यांपैकी एखादी आतून अरुंद होऊ लागली, तर तिच्या पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. त्यामुळे व्यास सुमारे ऐंशी टक्क्यांहून अधिक घटेपर्यंत विश्रांतीतला रक्तप्रवाह फारसा कमी होत नाही. श्रमाच्या वेळी प्रवाह कित्येक पटींनी वाढवण्याची जी राखीव क्षमता असते, ती मात्र व्यास निम्मा होण्याच्या सुमारासच घटू लागते. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. म्हणजे आजार विश्रांतीत लपतो आणि श्रमात उघडा पडतो. स्वस्थ पडून काढलेल्या ईसीजीवर विसंबून निश्चिंत होणाऱ्या माणसांची संख्या पाहता ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही, असे मला वाटते. अर्थात हे सारे स्थिर स्वरूपाच्या, श्रमाने येणाऱ्या आणि विश्रांतीने जाणाऱ्या दुखण्याविषयी आहे; बसल्या जागी येणारे, न थांबणारे किंवा घामासह येणारे दुखणे ही तातडीची बाब असते आणि तिथे अशा सावकाश तपासण्यांची वाट पाहायची नसते.

पहिली पायरी ट्रेडमिल टेस्टची होती. ब्रूस प्रोटोकॉल नावाच्या ठरलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवातच दहा टक्के चढाने होते. २२० मधून वय वजा करून जो आकडा येतो त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, हे उद्दिष्ट. माझ्या बाबतीत ते १३८ होते. माझे गुडघे आधीपासून कुरकुरतात, त्यामुळे तिसऱ्या टप्प्यात मी उद्दिष्ट कसेबसे गाठले आणि पट्टा थांबवायला सांगितले. शेवटच्या मिनिटात ईसीजीच्या आलेखातील एसटी भाग, जो हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू लागले की खाली घसरतो, साधारण एक मिलिमीटरने खाली गेला होता, छातीत किंचित दडपण होते, आणि विश्रांतीत दोन्ही गोष्टी लवकर पूर्ववत झाल्या. अहवालात निष्कर्ष लिहिला होता, ‘अनिर्णित’.

मी आयुष्यभर गणित शिकवले आहे, त्यामुळे या शब्दाने घाबरण्याऐवजी मला त्यामागचे आकडे पाहावेसे वाटले. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी पाहिली, तर ट्रेडमिल ईसीजी आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६८ जणांना बरोबर ओळखतो आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ७७ जणांना बरोबर वगळतो. स्त्रियांमध्ये त्याचे खोटे इशारे पुरुषांपेक्षा अधिक. आता समजा, माझ्यासारख्या लक्षणांच्या शंभर स्त्रियांपैकी पंधराजणींना खरोखर आजार आहे. चाचणी त्यांपैकी दहाजणींना पकडेल. पण उरलेल्या पंच्याऐंशी निरोगी स्त्रियांपैकीही जवळजवळ वीसजणींवर ती बोट ठेवेल. म्हणजे दोष दाखवलेल्या तीसजणींत खरा आजार दहाजणींनाच. चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पट्ट्यावर किती वेळ चालता आले, रक्तदाब कसा वाढला, यातूनही पुष्कळ कळते. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून मिळण्यासारखे नव्हते, आणि माझा अहवाल तर धड ‘दोष आहे’ असेही म्हणत नव्हता.

नात्यातल्या एकांनी सुचवले की, एवढे कशाला, सरळ अँजिओग्राफी करून टाकावी. मी ते डॉक्टरांना विचारले. त्यांनी नकार दिला नाही, पण क्रम बदलला. मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयापर्यंत नेऊन केलेली तपासणी आजही अंतिम मानली जाते, परंतु ती शरीरात शिरून करावी लागते आणि थोडा का होईना, धोका घेऊन येते. युरोपातील ‘डिस्चार्ज’ या अभ्यासात छातीत स्थिर स्वरूपाचे दुखणे असलेल्या ३५६१ रुग्णांपैकी काहींची आधी सीटी (बाहेरून क्ष-किरणांनी काढलेली धमन्यांची संगणकीय प्रतिमा) आणि काहींची थेट कॅथेटरची तपासणी केली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पुढील काही वर्षांतल्या मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तपासणीशी निगडित मोठ्या गुंतागुंती मात्र सीटीच्या गटात ०.५ टक्के आणि कॅथेटरच्या गटात १.९ टक्के होत्या. “आजार नसण्याची शक्यता बरीच असताना आधी सीटी केली, तर ती आपल्याला खात्रीने ‘नाही’ म्हणू शकते,” असे डॉक्टर म्हणाले. सीटी कोरोनरी अँजिओग्राफी स्वच्छ आली, तर लक्षणीय अडथळा नसल्याची खात्री जवळपास ९९ टक्के असते. ‘आहे’ म्हणण्याच्या बाबतीत मात्र ती तितकी भरवशाची नाही, हा तिचा दुसरा चेहरा मला पुढे पाहायला मिळाला.

सीटीची तयारी तपासणीपेक्षा लांबलचक असते. धमन्या प्रतिमेत उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून आधी मूत्रपिंडांचे काम कसे आहे ते सांगणारे क्रिएटिनिन तपासले. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली होती का, दमा आहे का, मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे का, हे प्रश्न दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी विचारले आणि ते मला बरेच वाटले. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद ठेवायची होती, कारण कॅफिनने नाडी वाढते. पुरुष रुग्णांना लैंगिक दुर्बलतेवरच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांविषयीही स्पष्ट विचारतात. तपासणीच्या वेळी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात आणि या दोन औषधांच्या संयोगाने रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. असा प्रश्न आला तर संकोच न करता खरे उत्तर द्यावे.

नाडीचे महत्त्व मला त्या दिवशी कळले. हृदय सतत हलत असते आणि त्यावरच्या धमन्या त्याच्याबरोबर काही सेंटिमीटर सरकतात. यंत्रातील क्ष-किरणांची नळी एका सेकंदाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या भागात रुग्णाभोवती पूर्ण फेरी मारते आणि एका प्रतिमेसाठी निम्म्या फेरीची माहिती पुरते. तरीही हृदय त्या क्षणी स्थिर असेल तरच प्रतिमा स्पष्ट येते. दोन ठोक्यांच्या मध्ये, हृदय सैलावून रक्ताने भरत असताना, अशी एक निवांत फट असते. नाडी जितकी मंद, तितकी ती फट मोठी. म्हणून नाडी साठच्या आसपास आणायची. माझी ७८ होती. मेटोप्रोलॉल नावाच्या बीटा ब्लॉकरची गोळी देऊन मला बाहेर बसवले, अधूनमधून सिस्टर येऊन नाडी आणि रक्तदाब पाहून जात, आणि आकडा ६१ वर आल्यावरच आत घेतले. बाहेर बसलेल्यांपैकी काहीजण या वाट पाहण्याने वैतागले होते. पण घाईने घेतलेली धूसर प्रतिमा म्हणजे किरणोत्सर्ग आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाया जाणे, हे ज्याला कोणी नीट सांगितले असेल तो वैतागणार नाही.

आधी कॉन्ट्रास्टशिवाय एक छोटा स्कॅन झाला. त्यातून कॅल्शियम स्कोअर काढतात. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली ही पद्धत गणिताच्या माणसाला आवडावी इतकी सरळ आहे. धमनीच्या जागी १३० हाउन्सफिल्ड युनिटहून (हे सीटीतले घनतेचे एकक) अधिक घनतेचा ठिपका दिसला की तो कॅल्शियम मानायचा, त्याचे क्षेत्रफळ घ्यायचे, घनतेनुसार एक ते चार यांपैकी एका गुणकाने गुणायचे आणि सगळ्या ठिपक्यांची बेरीज करायची. शून्य म्हणजे उत्तम, शंभरापर्यंत सौम्य, चारशेच्या वर म्हणजे थर पुष्कळ. माझा स्कोअर १६८ आला. धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचण्याची प्रक्रिया माझ्यात सुरू झालेली आहे, यात त्याने शंका ठेवली नाही. मात्र हा आकडा वाहिनी अरुंद आहे की नाही ते सांगत नाही, आणि शून्य आला तरी कॅल्शियम न साचलेले मऊ थर असू शकतात. म्हणून लक्षणे असताना केवळ या आकड्यावर थांबता येत नाही.

मग उजव्या हाताच्या कोपराजवळच्या शिरेत बऱ्यापैकी जाड सुई बसवली, कारण कॉन्ट्रास्ट सेकंदाला सुमारे पाच मिलिलिटर वेगाने जाते आणि बारीक सुई तो वेग पेलत नाही. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, दोन्ही हात डोक्यामागे, जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा. त्याने धमन्या थोड्या रुंदावतात आणि प्रतिमेत नीट दिसतात. माझे डोके मात्र लगेच ठणकू लागले. “काकू, आता अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्यासारखंही वाटेल, पण तसं काही होत नाही. फक्त हलू नका,” असे तंत्रज्ञाने आधीच सांगून ठेवले होते, आणि अगदी त्याच क्रमाने ते घडले. घशातून उष्णतेची लाट खाली उतरली. श्वास घ्या, सोडा, घ्या, रोखून धरा. श्वास रोखण्याचा सराव आधी करून घेतला होता, कारण खोल श्वास घेतल्यावर नाडी कितीवर स्थिरावते हेही त्यांना पाहायचे होते. महाधमनीत कॉन्ट्रास्ट पुरेसे चमकू लागले की यंत्र आपोआप सुरू होते. प्रत्यक्ष प्रतिमा घेण्यास दहा सेकंदांहून अधिक लागले नसावेत. त्यानंतर काही वेळ निरीक्षणाखाली बसवले, भरपूर पाणी प्यायला सांगितले आणि सोडले.

अहवाल वाचण्यापेक्षा डॉक्टरांच्या शेजारी बसून प्रतिमा पाहणे अधिक उपयोगाचे ठरले, आणि मी ते मुद्दाम मागून घेतले. वेडीवाकडी धमनी संगणकाने ताणून सरळ केल्यासारखी पडद्यावर मांडलेली असते. डाव्या बाजूची मुख्य धमनी स्वच्छ होती. उजवी स्वच्छ. हृदयाला वळसा घालणाऱ्या शाखेत किरकोळ थर. आणि पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या शाखेच्या, म्हणजे एलएडीच्या, मध्यभागी कॅल्शियम व मऊ मेद अशा मिश्र थराने ५० ते ६९ टक्के अरुंदपणा. अहवालात ‘सीएडी-रॅड्स ३’ अशी श्रेणी होती. २०१६ पासून वापरात आलेल्या या श्रेणीत शून्य म्हणजे काहीच नाही आणि पाच म्हणजे पूर्ण बंद वाहिनी.

घरी सगळ्यांनी विचारले ते एकच, ‘ब्लॉकेज किती टक्के?’ मीही तोच आकडा सांगत होते. पण तो आकडा कसा निघतो ते पाहिल्यावर त्यावरचा माझा भरवसा कमी झाला. तीन मिलिमीटरची वाहिनी आणि सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच स्पष्टपणे वेगळे दाखवू शकणारे यंत्र, म्हणजे पूर्ण व्यासावर जेमतेम सहा घरे. एक घर इकडचे तिकडे झाले की सोळा-सतरा टक्क्यांचा फरक. म्हणूनच प्रामाणिक अहवाल ‘६२ टक्के’ असे न लिहिता दोन आकड्यांमधला पल्ला लिहितो. त्यातच कॅल्शियम क्ष-किरण इतके अडवते की प्रतिमेत ते आहे त्यापेक्षा फुगून दिसते आणि शेजारची मोकळी जागा खाऊन टाकते. त्यामुळे कॅल्शियम असलेल्या जागी अरुंदपणा फुगवून मोजला जाण्याची प्रवृत्ती असते. ज्यांच्या धमन्यांत खूप कॅल्शियम आहे किंवा बारीक स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) बसवलेले आहेत, त्यांच्यासाठी सीटी अनेकदा पहिली निवड नसते ती याच कारणाने.

एका बाबतीत मात्र सीटी कॅथेटरच्या अँजिओग्राफीपेक्षा वरचढ आहे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. कॅथेटरमधून सोडलेले कॉन्ट्रास्ट फक्त आतली मोकळी वाट दाखवते. सीमोर ग्लॅगोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की, भिंतीत थर साचू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगून आतली वाट जवळजवळ पूर्वीइतकीच राखते. म्हणजे वाट मोकळी दिसत असतानाही भिंत आजारी असू शकते, आणि झटका पुष्कळदा अशाच, फारशा अरुंद नसलेल्या जागी थर फुटून येतो. सीटी भिंत दाखवते. माझ्या थरात मेदाचा खूप मऊ गाभा किंवा तशी इतर धोक्याची लक्षणे नव्हती, असे डॉक्टरांनी दाखवले.

याच अहवालात एक न मागितलेली गोष्टही होती, उजव्या फुप्फुसात चार मिलिमीटरची गाठ. छातीचा सीटी म्हटला की हृदयाबरोबर फुप्फुसाचाही भाग प्रतिमेत येतो आणि असे काहीबाही सापडते. धूम्रपान न करणाऱ्या, इतर जोखीम नसलेल्या व्यक्तीत सहा मिलिमीटरहून लहान अशा एकट्या घन गाठीचा पाठपुरावा सहसा लागत नाही, हे कळेपर्यंतची रात्र मला हृदयाच्या निदानापेक्षा जड गेली.

मुख्य प्रश्न आता असा उरला की, एवढ्या अरुंदपणामुळे पुढच्या स्नायूला श्रमाच्या वेळी रक्त खरोखर कमी पडते का? अरुंदपणाची लांबी, त्याची जागा, पुढे किती स्नायू अवलंबून आहे, सूक्ष्म वाहिन्या किती साथ देतात, या सगळ्यांवर उत्तर अवलंबून असते. टक्केवारीतून ते निघत नाही. सीटीच्याच प्रतिमांवर द्रवगतिकीची गणिते करून अडथळ्याच्या नंतरच्या दाबाचे आधीच्या दाबाशी गुणोत्तर काढण्याची पद्धत आहे आणि त्यात ०.८० पर्यंतचा किंवा त्याखालचा आकडा लक्षणीय मानतात. गणिताची शिक्षिका म्हणून मला ती करून घ्यायला आवडले असते, पण तिची सोय नव्हती. स्ट्रेस इकोमध्ये, म्हणजे हृदयाला ताण देऊन केलेल्या इकोमध्ये, किरणोत्सर्ग नसतो, परंतु माझ्या छातीतून इकोच्या प्रतिमा मुळातच पुसट येत होत्या. हृदयाचा एमआरआय उत्तम, पण बराच वेळ बोगद्यात वारंवार श्वास रोखत पडून राहणे मला जमले नसते. म्हणून न्यूक्लिअर पर्फ्युजन स्कॅन, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून स्नायूत रक्त कुठे किती पोहोचते ते पाहणारी तपासणी, ठरला, आणि गुडघ्यांमुळे पट्ट्यावर चालण्याऐवजी औषधाने ताण द्यायचा असेही ठरले.

यासाठी कॅफिनवरचे बंधन अधिक कडक होते आणि कारणही वेगळे होते. ताणासाठी दिले जाणारे अ‍ॅडेनोसिन पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर) काम करते, तेच ग्राही कॅफिन अडवून धरते. कपभर चहाने तपासणी निकामी होऊ शकते. सहा मिनिटे अ‍ॅडेनोसिन शिरेतून जाते. ते हृदयाला पळवत नाही. कोरोनरी वाहिन्यांचे जाळे पूर्ण सैल करते. निरोगी वाहिनीत प्रवाह तीन-चार पट होतो. ज्या वाहिनीची राखीव क्षमता आधीच खर्ची पडली आहे तिच्यात तो तेवढा वाढू शकत नाही, आणि हा फरक टिपायचा असतो. ती सहा मिनिटे सुखाची नव्हती. चेहरा तापला, छातीवर ओझे ठेवल्यासारखे झाले, खोल श्वास घेऊनही तो अपुरा वाटू लागला. सिस्टर मिनिटे मोठ्याने मोजत होत्या, त्याचा मला आधार वाटला. अ‍ॅडेनोसिन रक्तात काही सेकंदच टिकते, त्यामुळे पंप बंद होताच सगळे झपाट्याने निवळले. हे आधी ठाऊक असेल तर सहन करणे पुष्कळ सोपे जाते. दमा असणाऱ्यांनी तो आधीच सांगितला पाहिजे, कारण त्यांच्यासाठी हे औषध टाळावे लागते.

मधल्या मिनिटाला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेले सेस्टामिबी टोचले. पूर्वी या तपासणीत थॅलियम-२०१ वापरत. टेक्नेशियमचा अर्धायुकाल (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा वेळ) सहा तासांचा असून त्याच्या प्रतिमा अधिक स्वच्छ येतात. सेस्टामिबी रक्ताबरोबर स्नायूत जाते, पेशींमधील मायटोकाँड्रियांत अडकते आणि तिथेच राहते. म्हणूनच प्रतिमा तासाभराने काढली तरी तिच्यात नोंद असते ती टोचण्याच्या क्षणीच्या प्रवाहाची. इथे यंत्र किरण सोडत नाही. गॅमा कॅमेरा माझ्या छातीतून बाहेर पडणारे किरण मोजत अर्धवर्तुळात हळूहळू फिरतो, आणि तोवर हात डोक्यावर घेऊन निश्चल पडायचे. विश्रांतीतली प्रतिमा वेगळ्या इंजेक्शनने काढली. दोन्ही शेजारी ठेवून पाहतात. ताणात फिकट आणि विश्रांतीत भरलेला भाग म्हणजे रक्त कमी पडणारा जिवंत स्नायू. दोन्हींत फिकट म्हणजे बहुधा जुना व्रण.

माझ्या प्रतिमांत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा एक भाग दोन्ही वेळा किंचित फिकट होता. नेमकी तीच भिंत, जिला ती अरुंद एलएडी रक्त पुरवते. कागदावरचा तर्क एकच सांगत होता की, कधीतरी नकळत झटका येऊन गेला असावा. पण वाचणाऱ्या तज्ज्ञांनी तिथे थांबण्याचे नाकारले. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेल्या त्याच प्रतिमांत ती भिंत व्यवस्थित हलत होती आणि आकुंचनात जाडही होत होती. मृत स्नायू तसे करत नाही. स्त्रियांमध्ये स्तनाची ऊती पुढच्या भिंतीतून येणारे किरण काही प्रमाणात अडवते आणि तिथे खोटी फिकी छटा उमटते. मला पोटावर झोपवून पुन्हा प्रतिमा काढली, ती छटा नाहीशी झाली. ताणामुळे रक्त कमी पडल्याचा पुरावा नव्हता आणि हृदयाच्या प्रत्येक आकुंचनात डाव्या कप्प्यातले ६४ टक्के रक्त बाहेर पडत होते. स्त्रियांचा असा अहवाल हाती आला, तर हा मुद्दा तपासला गेला आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

मला एक शंका होती. हा स्कॅन सर्वांत उजळ भागाशी इतर भागांची तुलना करतो. तिन्ही धमन्या सारख्याच आजारी असतील तर सगळेच सारखे मंद होईल आणि प्रतिमा निर्दोष भासेल, मग? डॉक्टर म्हणाले, “हा धोका खरा आहे, पण तुमची मुख्य धमनी आणि उजवी धमनी स्वच्छ असल्याचं आपण सीटीत पाहिलंय.” सीटीला प्रवाह कळत नव्हता, न्यूक्लिअर स्कॅनला भिंत दिसत नव्हती, आणि प्रत्येकीची उणीव दुसरीने भरून काढली होती. याचा अर्थ सर्वांनी दोन्ही तपासण्या कराव्यात असा मात्र नाही. दोन्ही मिळून शरीरात गेलेला किरणोत्सर्ग निसर्गातून काही वर्षांत मिळणाऱ्या मात्रेइतका भरतो. माझी सीटी स्वच्छ आली असती किंवा मुख्य धमनीतच मोठा अडथळा दिसला असता, तर दुसरी तपासणी करण्याचे कारण उरले नसते.

स्टेंट बसवायचा नाही, असे ठरले. ‘इस्केमिया’ या अभ्यासाचा उल्लेख डॉक्टरांनी केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५१७९ रुग्ण होते आणि त्यांच्यात ताणाच्या वेळी रक्त कमी पडण्याचे प्रमाण मध्यम ते तीव्र, म्हणजे माझ्याहून कितीतरी अधिक होते. तरीही आधी औषधे विरुद्ध आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास, या दोन मार्गांत मृत्यू आणि झटक्यांच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना दुसऱ्या मार्गाने आराम मात्र अधिक मिळाला. त्या अभ्यासातही बहुतेकांची आधी सीटी करून मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असणाऱ्यांना वगळले होते. मला कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि बीटा ब्लॉकर सुरू झाले, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणायचे ठरले. ‘स्कॉट-हार्ट’ या स्कॉटलंडमधील ४१४६ रुग्णांच्या अभ्यासात सीटी केलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात ३.९ टक्के होते, आणि पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत अँजिओप्लास्टी व बायपासचे प्रमाण जवळपास सारखेच होते. फायदा बहुधा भिंतीतला आजार दिसल्यावर वेळेवर सुरू झालेल्या गोळ्यांचा.

बीटा ब्लॉकरने छातीतले दडपण बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाही. ते टिकून राहिले तर मोठ्या धमन्यांऐवजी सूक्ष्म वाहिन्यांचा दोष शोधावा लागेल. तो स्त्रियांमध्ये विरळ नाही आणि माझ्या कोणत्याही प्रतिमेत दिसण्यासारखा नव्हता. त्यासाठी प्रति ग्रॅम स्नायूमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जाते हे मोजणारा पेट स्कॅन लागतो, आणि त्यात वापरायच्या रुबिडियम-८२ चा अर्धायुकाल अवघा सव्वा मिनिट असल्याने ते तिथल्या तिथे जनरेटरमधून काढून लगेच टोचावे लागते. सध्या तरी तो विचार बाजूला आहे.

गोळ्यांनी थर कमी झाले का हे पाहण्यासाठी वर्षाने पुन्हा कॅल्शियम स्कोअर करावा का, असे मी शेवटच्या भेटीत विचारले. डॉक्टरांनी ते नको म्हटले. स्टॅटिनने मऊ थर घट्ट होतात, त्यांतले कॅल्शियम वाढते आणि औषध लागू पडत असतानाच स्कोअर चढू शकतो. त्यामुळे आता एलडीएल आणि रक्तदाब तपासत राहायचे, आणि लक्षणे बदलली तरच नवी प्रतिमा काढायची.